बट नंबर सतरा

निवृत्तीनंतरची माझी पोस्टिंग डोंबिवली पश्चिमेला आहे. एका इमारतीच्या तळमजल्यावर दहा मीटरची एअर रायफल रेंज आहे. सहा लेन, सहा टेबलं, समोर कागदाची टार्गेट. शनिवारी आणि रविवारी सकाळी सात ते साडेनऊ मी तिथे नवशिक्यांना शिकवतो. वय बहात्तर. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली अकरा वर्षं वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो आणि कडक उस्ताद म्हणून माझं नाव होतं. तो कडकपणा कुठून आला, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता सांगतो. शेहेचाळीस वर्षांपूर्वी माझा मित्र लान्स नायक बाळाराम आमच्या पोस्टवर गोळी लागून गेला. तो ठाण्याच्या बाळकुम गावचा, खाडीवरच्या कोळ्याच्या घरचा. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी जबाब दिला. त्या जबाबावरून असं ठरलं की शस्त्र साफ करताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे त्याचा मृत्यू झाला. जबाब खोटा होता. निष्काळजीपणा माझा होता.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बाळारामची मुलगी रेंजवर आली. तिचं नाव भारती. वय पन्नास. बाळकुमच्या बाजारात मासे विकते. माणकोलीचा पूल झाल्यापासून बाळकुमहून डोंबिवलीला स्कूटरवर अर्ध्या-पाऊण तासात येता येतं. मी तिला लहानपणी पाहिलं होतं, पण दारात उभी राहिली तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. बाळारामसारखीच ती उजवा खांदा थोडा खाली सोडून उभी राहते.

ती म्हणाली, "काका, मना शिकायचंय."

मी म्हटलं, या वयात हे काय डोक्यात आलं. मग तिने कारण सांगितलं. गावातून जे जे फौजेत गेले त्यांच्या नावांचा फलक समाजाच्या हॉलवर लागणार होता. बाळारामचं नाव यादीत होतं. गावच्या बैठकीत एका म्हाताऱ्याने हरकत घेतली. लढाईत गेला त्याचं नाव लावा, स्वतःच्या चुकीने गेला त्याचं कशाला, असं तो म्हणाला. यादी पुढच्या बैठकीवर गेली. 

"लहानपणापासून ऐकते, बापसाची चूक जाली. पन चूक म्हंजे काय ते कोनच नाय सांगत. रायफल कशी असते तेच मना म्हाईत नाय. तर पयली ती शिकते. मग चूक किती मोठी होती ते मीच बघीन."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ठीक आहे. शूज घालून येत जा. चप्पल चालणार नाही."

शिकवायला सुरुवात मी नेहमी नावांपासून करतो. आम्ही रंगरूट होतो तेव्हाही तसंच होतं. आमचे उस्ताद एक हवालदार होते. पहिल्याच दिवशी मी एसएलआरला, म्हणजे आमच्या सेल्फ लोडिंग रायफलला, बंदूक म्हणालो. उस्ताद शांतपणे म्हणाले, "बंदूक शादी में चलती है, बेटा. इसको रायफल बोलते हैं." आणि ती रायफल डोक्यावर धरून मला ग्राउंडला तीन फेऱ्या मारायला लावल्या. मी कल्याणचा, कारकुनाच्या घरातला, चष्मा लागता लागता राहिलेला. तिसऱ्या फेरीत मी ठेचकाळलो. शेजारून कोणीतरी धावत होतं. तो बाळाराम होता. त्याला शिक्षा नव्हती. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "तू पडला असतास तर रायफल पडली असती. तिचं नाव खराब झालं असतं."

भारतीलाही मी तशीच नावं शिकवली. खांद्याला लागतो तो बट, फौजेत त्याच्यावर रायफलचा नंबर रंगवलेला असतो. लांब नळी ती बॅरल. बॅरलच्या मागच्या टोकाला जिथे राउंड बसतो ते चेंबर. पुढची साइट, मागची साइट. ट्रिगर. एअर रायफलमध्ये छोटा शिशाचा छर्रा असतो, पण तिला तिच्या वडिलांची रायफल समजून घ्यायची होती, म्हणून मी वहीत एसएलआरचं चित्र काढून दिलं. त्यात मॅगझिन, कॉकिंग हँडल, सगळं दाखवलं. गोळी आणि राउंड यांतला फरक सगळ्याच नवशिक्यांना जड जातो. पितळेची केस, आतली दारू आणि पुढचं टोक मिळून राउंड होतो. उडून जातं ते फक्त टोक. तीच गोळी.

तिने क्षणभर विचार केला. "म्हंजे आख्खी सुरमई तो राउंड, नि ताटात पडते ती तुकडी गोळी."

शेजारच्या लेनवर एक कॉम्प्युटरवाला तरुण होता, तो मोठ्याने हसला. भारती त्याला म्हणाली, "हसतोस काय, तू तर डोला मिटून हिरोसारखा बघतोस. तुजा छर्रा भिंतीला लागतो." ते खरं होतं. पुढच्या शनिवारी त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि घरी न्यायला पापलेटांची ऑर्डरही दिली.

तिचे हात आश्चर्य वाटावं इतके स्थिर होते. तीस वर्षं कोयत्यावर मासे कापलेले हात. पण श्वास जमत नव्हता. ट्रिगर दाबताना ती श्वास कोंडून धरायची आणि चेहरा लाल व्हायचा. चौथ्या शनिवारी मी तिला सांगितलं की श्वास कोंडायचा नाही. खाडीत लाटेवर होरी, म्हणजे कोळ्यांची होडी, वर जाते, खाली येते, आणि मध्ये एक क्षण थांबते. वर जाताना नेम धरायचा नाही, खाली येतानाही नाही. थांबते तेव्हा.

तिने रायफल टेबलावर ठेवली. "काका, तुमी कल्यानचे बामन. तुमाला होरी कुठली म्हाईत?"

"तुझ्या बापसाने शिकवलंय."

 तिने पाठ फिरवून रायफल पुन्हा उचलली. मग पाच छर्रे मारले. चार मधल्या काळ्या वर्तुळात गेले. तो कागद तिने घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला. टार्गेटचे कागद घरी न्यायचे नाहीत असा रेंजचा नियम आहे. मी पाहिलं नाही असं केलं.

मी मनात ठरवलं होतं की ती थोडी शिकेल, तिला चार गोष्टी कळतील, मग समजावून सांगता येईल. ही पळवाट होती. तिला नीट शिकवणं हे मला प्रायश्चित्तासारखं वाटायला लागलं होतं आणि शनिवारची मी वाट पाहायचो. ती डब्यातून कधी तळलेले बोंबील आणायची. मी खायचो. बाळाराम गेल्यावर त्याची ट्रंक घेऊन मी बाळकुमला गेलो होतो, तेव्हा त्याच्या बायकोने मला जेवू घातलं होतं. कसं झालं असं त्या माउलीने विचारलं. मी जबाबातलीच वाक्यं पुन्हा म्हटली. तिने आणखी एक भाकरी वाढली आणि तीही मी खाल्ली. ती माउली सहा वर्षांपूर्वी गेली. तिला सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

सहाव्या शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भारतीने सराव संपवला आणि रायफल टेबलावर ठेवली. आमच्याकडे नारिंगी रंगाची एक जाड दोरी असते. ती चेंबरमधून घालून बॅरलच्या तोंडातून बाहेर काढायची. दोन्ही टोकं दिसली की कळतं, आत काही नाही. भारतीने दोरी घातली नव्हती. मी जरा जोरातच विचारलं.

"रिकामी हाय ती," ती म्हणाली. "मी बघितलं ना आताच."

मी इतकी वर्षं जे वाक्य नवशिक्यांना ऐकवत आलो, तेच तिला ऐकवलं. "ज्याच्या हातात रायफल आहे त्याचं बघणं धरत नाहीत. दुसऱ्याने चेंबरमध्ये डोळा घालून बघायचं, मग रिकामी. फौजेत उस्ताद असो, कर्नल असो, हाच नियम."

तिने दोरी घातली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मग माज्या बापसाची कोनी बघितली होती?"

कॉम्प्युटरवाला तरुण गेलेला होता. रेंजवर आम्ही दोघंच होतो. मी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. तिला जे सांगितलं ते इथे त्याच क्रमाने लिहितो.

आमची पोस्ट साडेदहा हजार फुटांवर होती. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी परत आलं. सात जण. गारांचा पाऊस होता. एक हवालदार पेट्रोल कमांडर, म्हणजे गस्तीचे प्रमुख, होते. त्यांनी सर्वांत आधी आपली रायफल माझ्याकडून तपासून घेतली, मग रेडिओ सेटकडे जाऊन रिपोर्ट दिला, "टायगर, पेट्रोल इन. सेव्हन. ऑल ओके. ओव्हर." मी नायक होतो, त्यांच्यानंतरचा. शस्त्रं रिकामी करून घेणं हे माझं काम. बंकरच्या दाराशी वाळूच्या पोत्यांचा ढीग होता. तिकडे बॅरल करून सगळे उभे राहिले. मी ऑर्डर दिली, "खाली कर." म्हणजे रायफल रिकामी करा. आधी मॅगझिन काढायचं, मग कॉकिंग हँडल मागे ओढायचं, म्हणजे चेंबरमधला राउंड बाहेर पडतो. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधला नवा राउंड चेंबरमध्ये जातो आणि मॅगझिन काढल्यावरही तो आतच राहतो. मी सहा जणांच्या चेंबरमध्ये टॉर्च मारून पाहिलं. बाळाराम तिसरा होता. त्याची रायफल रिकामी होती.

सातवी रायफल माझी. बट नंबर सतरा.

थंडीने माझी बोटं फुटली होती. हातमोज्यातून मॅगझिनची कळ सापडेना. मी आधी हँडल ओढलं. एक राउंड बाहेर पडला, तो मी उचलला. मग मॅगझिन काढलं. शेवटी पोत्यांकडे नेम धरून ट्रिगर दाबायचा असतो, तोही मी दाबला नाही. चहा उकळल्याचा वास येत होता. बाळाराम पुढे आला आणि म्हणाला, "दाखव." नियमाप्रमाणे त्याने मागितलं. मी म्हणालो, "बघितली रे. चल, चहा पिऊ."

सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी बंकरमध्ये पेट्रोल रिपोर्ट लिहीत होतो. बाळारामने स्वतःची रायफल पुसून ठेवली. मग माझी घेतली. माझी बोटं फुटली की तो नेहमीच माझी रायफल पुसायचा, मी कधी सांगायचो नाही आणि तो कधी विचारायचा नाही. तेलाची चिंदी ट्रिगरभोवतीच्या कड्यातून फिरवत होता. सहा एक्केचाळीसला गोळी सुटली आणि त्यालाच लागली.

भारतीने एवढं सगळं हात मांडीवर ठेवून ऐकलं. मग विचारलं, "लगेच गेला?"

"नाही. अकरा मिनिटं. मी त्याला धरून होतो. मेडिकलवाला होता, पण उपयोग नव्हता."

"बोलला काय?"

त्याने आधी काय विचारलं, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. "मला म्हणाला, 'रिकामी होती ना रे? तू बघितलीस ना?' मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग म्हणाला, 'तर माझाच हात लागला कुठंतरी.'"

तिसऱ्या दिवशी मेजरसाहेबांच्या समोर कोर्ट बसलं. जवळ एक भरलेलं मॅगझिन पडलेलं होतं, ते माझंच होतं. मी जबाब दिला की शस्त्र मी रिकामं केलं होतं, तपासलं होतं, त्याने नंतर मॅगझिन लावून बघितलं असावं. आणि त्याचं ते शेवटचं वाक्य मी सांगितलं. स्वतःचाच हात लागला असं तो बोलला, हे आणखी दोघा जवानांनी ऐकलंही होतं. मी त्याच्या विश्वासाचा पुरावा केला. माझ्या जबाबावर सही आहे, तारीख आहे, रबरी शिक्का आहे.

भारती उठली. तिने रायफल उचलली, दोरीची दोन्ही टोकं पाहिली, रायफल पेटीत ठेवली, कड्या लावल्या. सगळं मी शिकवलं होतं तसं. दाराशी जाऊन ती थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. त्या मी खाल्ल्या असत्या.

"रविवारी गावात या," ती म्हणाली. "अकरा वाजता हालमधी बैठक हाय. मना सांगितलं तेवढंच तिथं सांगा. कमी नको नि जास्ती पन नको. रडायचं नाय तिथं."

रविवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी बाळकुमला पोचलो. गावाच्या चारही बाजूंनी उंच टॉवर उभे राहिले आहेत, पण हॉलच्या अंगणात अजून जाळी वाळत घातलेली होती. पंचवीस-तीस माणसं होती. हरकत घेणारा म्हातारा पहिल्या ओळीत बसला होता, त्याला सगळे तात्या म्हणतात. भारती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मी नाव, रँक आणि पलटण सांगितली. मग सगळं त्याच क्रमाने सांगितलं. सात माणसं, सहा रायफली तपासल्या, सातवी माझी. साडेसात मिनिटं लागली. शेवटी सांगितलं की लेखी जबाब मी कालच फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवला आहे आणि त्याची प्रत इथे ठेवतो.

 मग तात्यांनी विचारलं, "आता कशाला सांगतोस? मरनाची भीती वाटली?"

मी म्हणालो, "थोडी. पण त्या भीतीने नाही सांगत. तिने विचारलं म्हणून."

"आदी कोनी विचारलं नाय?"

"त्याच्या बायकोने विचारलं होतं. मी खोटं बोललो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती आणि ती मी मागायला गेलो नव्हतो. मग ते फलक रंगवणाऱ्या माणसाकडे वळले आणि म्हणाले, "लिही रे. लान्स नायक कसं लिहितात ते या माणसाला विचारून लिही. चूक नको." मला बसायला खुर्ची कोणी दिली नाही. चहा मात्र दिला. तो भारतीने आणून दिला.

तीन शनिवार ती आली नाही. मी तिची लेन कुणाला दिली नाही, रेंजवाल्यांना सांगितलं की त्या टेबलाचा पाय हलतो. चौथ्या शनिवारी सात वाजता आली. शूज घातलेले होते. डबा नव्हता. रायफल पेटीतून काढली आणि चेंबर उघडून माझ्यासमोर धरली.

"बघा," ती म्हणाली.

मी डोळा घालून बघितलं. आत स्वच्छ होतं. पुढे उजेडाचा गोल दिसत होता.

"रिकामी," मी म्हणालो.

"आता तुमची दाखवा."

मी शिकवताना वापरतो ती रायफल तिच्यासमोर धरली. तिने वेळ घेतला. गेल्या शेहेचाळीस वर्षांत माझ्या शस्त्रात इतक्या बारकाईने कुणी पाहिलं नव्हतं. मग मान हलवली आणि आपल्या लेनवर गेली. क्षमा केली की नाही, ते तिने सांगितलेलं नाही. मी विचारणार नाही.

फलक आता हॉलच्या भिंतीवर आहे. रेकॉर्ड ऑफिसकडून अजून उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. तोपर्यंत जे वाचतील त्यांच्यासाठी इथे नोंद करून ठेवतो.

लान्स नायक बाळाराम, राहणार बाळकुम, ठाणे. वय सव्वीस. मृत्यू सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी. पेट्रोलवरून परतल्यावर त्याने स्वतःचं शस्त्र नियमाप्रमाणे रिकामं केलं. दुसऱ्याचं शस्त्र नियमाप्रमाणे दाखवायला सांगितलं. ते तपासलेलं आहे असं त्याला त्याच्या मित्राने सांगितलं आणि त्याने मित्रावर विश्वास ठेवला. त्याची कोणतीही चूक नव्हती.